लेकरू खुनाची खरी गोष्ट बघतंय, बघू द्यावं का?

(वडवणी तालुक्यातल्या बचतगटांच्या मैत्रिणींसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी शेळ्या बांधून आत्ताच ओट्यावर टेकला असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान फक्त इकडं द्या.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या. उठायच्या वेळेला एक बाई हळूच म्हणाली, "ताई, पैशाचं झालं, आता एक घरातलं विचारू का? माझं पोरगं नववीत आहे. रात्री पांघरूण डोक्यावर घेऊन मोबाईलमध्ये खुनाच्या गोष्टी बघतंय. रागावले तर म्हणतं, आई, हे पिक्चर नाही, खरं घडलेलं आहे, मी माहिती म्हणून बघतोय. आता खरं आहे म्हणल्यावर मी काय बोलू? बघू द्यावं का मोबाईल काढून घ्यावा?"

झालं, बैठक संपलीच नाही. एक म्हणाली, माझी मुलगी तर तसलं बघून रात्री मागच्या दारी जायला घाबरते. दुसरी म्हणाली, बघू द्या की, जग कळतं, पोरी हुशार होतात. तिसरी म्हणाली, मीच बघते, तर लेकराला कोणत्या तोंडानं नाही म्हणू?

तिघींचंही खरं आहे. म्हणून आजचा विषय हाच घेतला. तेरा ते अठरा वयाच्या लेकरांनी गुन्ह्यांचे खऱ्या घटनांवरचे कार्यक्रम बघावेत का, आणि हे आईबापांनी ठरवायचं कसं.

माझं उत्तर आधीच सांगते. काही कार्यक्रम काही लेकरांनी बघितले तर चालतात, पण एकट्यानं नाही आणि रात्री नाही. काय चालेल हे निम्मं वयावर ठरतं आणि निम्मं त्या लेकराच्या स्वभावावर, त्याच्यावर काय गुदरलंय त्यावर. आणि एक गोष्ट कोणत्याच वयाला चालत नाही, तुमच्या माझ्याही नाही. ती म्हणजे कुणाच्या तरी मरणाची, मारहाणीची खरी क्लिप. आता हे सावकाश उलगडून सांगते.

आधी हे बघू, की लेकरू "क्राईमचं" बघतंय म्हणजे नेमकं काय बघतंय. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण तिन्हीला एकच नाव देतो.

पहिली, टीव्हीवरच्या मालिका. 'क्राईम पेट्रोल' 2003 साली सोनीवर सुरू झालं. घटना खरी, पण दाखवतात ती नटनट्यांकडून करवून घेऊन. नावं बदललेली, गाव बदललेलं, गोष्टीला थोडं मीठमसाला.

दुसरी, डॉक्युमेंटरी म्हणजे माहितीपट. त्यात खरी माणसं बोलतात. मेलेल्याचे नातेवाईक, पोलीस, वकील, पत्रकार, कधी कधी खुद्द आरोपी. हे बहुतेक पैसे भरून बघायच्या ॲपवर असतं. पण त्याचेच तुकडे करून, वर भीतीचं संगीत लावून कुणीतरी यूट्यूबवर फुकट टाकतं आणि आपली लेकरं जास्त करून तेच बघतात.

तिसरी, क्लिप. कुणीतरी मोबाईलवर काढलेली, व्हॉट्सॲपवर फिरत आलेली. तिला मागचापुढचा संदर्भ नाही, सांगणारा नाही, काय झालं, का झालं, पुढं न्याय मिळाला का, काही नाही. नुसतं क्रौर्य. हिला माहिती म्हणता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मोबाईलनं आणलं. तसं नाही बायांनो. तुमच्या घरातल्या सत्तरीच्या पुढच्या सासूबाईंना विचारा, मानवतचं काय झालं होतं. माजलगाव, पाथरी ओलांडलं की मानवत. 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास, 1974 पर्यंत, तिथं लहान मुली आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधनाच्या आणि मांत्रिकाच्या नादातून ते झाल्याचं तपासात पुढं आलं. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी नावाचे मोठे पोलीस अधिकारी तपासाला आले होते. मोबाईल नव्हता, टीव्ही नव्हता, तरी ती गोष्ट बाजारातून, एसटीतून, पाणवठ्यावरून सगळ्या मराठवाड्यात पसरली. आयाबाया लेकरांना एकटं सोडत नव्हत्या. त्याच घटनेवर 2024 साली 'मानवत मर्डर्स' नावाची मराठी वेब मालिका आली.

म्हणजे भीतीच्या खऱ्या गोष्टी ऐकायची ओढ जुनी आहे. पण एक फरक आहे. तेव्हा ती गोष्ट आजी सांगायची. आजी लेकराचं तोंड बघायची. लेकरू घाबरलं की थांबायची, जवळ ओढायची आणि शेवटी म्हणायची, "म्हणून कुणी गुप्तधनाचं बोललं तर त्याच्या मागं जायचं नाही बरं." मोबाईल लेकराचं तोंड बघत नाही. तो एक झालं की दुसरं लावतो, दुसरं झालं की तिसरं. आजीनं जे केलं ते मोबाईल करत नाही. ते काम आता आपल्याला करायचं आहे.

आता जरा जड विषय बोलते, पण बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. धारूर ओलांडलं की पलीकडं केज तालुका. तिथल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा 9 डिसेंबर 2024 ला अपहरण करून खून झाला. सगळ्या राज्यात त्याचे मोर्चे निघाले. कोण दोषी ते न्यायालय ठरवेल, मी त्यावर बोलणार नाही. मला बोलायचंय मार्च 2025 च्या पहिल्या आठवड्याबद्दल. तपासातले फोटो बाहेर आले आणि एका संध्याकाळीत गावोगावच्या मोबाईलवर पोहोचले. तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरचा अभ्यास करणाऱ्या लेकरांनी ते फोटो बघितले. किती जणींच्या घरी हे झालं, मनात आठवून बघा.

आणि त्या सरपंचांच्या स्वतःच्या घरातही बारावीची परीक्षा देणारं लेकरू होतं. आपण "बघितलं का, किती वाईट केलं" म्हणत जो फोटो पुढं पाठवला, तो त्या लेकराच्या बापाचा होता. आपला हेतू वाईट नव्हता, आपल्याला राग आला होता, हळहळ होती. पण हळहळ दाखवायला तो फोटो पाठवायची गरज नव्हती. त्यावेळी मीही एका ग्रुपवर आलेला फोटो उघडला, आणि माझ्या पाठीमागं माझी पुतणी उभी होती हे मला नंतर कळलं. ती तीन दिवस नीट जेवली नाही. म्हणून मी आज हे दुसऱ्याकडं बोट दाखवून बोलत नाही.

त्या फोटोंच्या खाली काय काय लिहिलं जात होतं तेही आठवा. एका जातीनं दुसऱ्या जातीला घातलेल्या शिव्या. सोळा-सतरा वर्षांची पोरं ते लिहीत होती, काल एका बाकावर बसणारी पोरं. पुढं त्याच मार्च महिन्यात बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या टेबलावर आणि छातीवर फक्त पहिलं नाव असलेल्या पाट्या लावायला घेतल्या, आडनावावरून जात बघितली जाऊ नये म्हणून. पोलिसांना जे करावंसं वाटलं ते आपण घरात करायला हवं. गुन्ह्याची गोष्ट निघाली की लेकराला सांगायचं, गुन्हा करणाऱ्याचं नाव असतं, त्याच्या सगळ्या जातीवर तो गुन्हा लादायचा नसतो.

तर क्लिपचा नियम पक्का. बघायची नाही, ठेवायची नाही, पाठवायची नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा म्हणून जागा आहे, तिथं फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करता येतं. एकदा बंद केलं की आपण बोट लावल्याशिवाय काही उघडत नाही. गटात जिला जमतं तिनं बाकीच्यांचं करून द्यावं, दोन मिनिटांचं काम आहे. आणि अत्याचार झालेल्या बाईचं किंवा मुलीचं नाव, फोटो, ओळख पटेल असं काही पसरवणं हा स्वतःच गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "आम्ही न्याय मागत होतो" हे कारण तिथं चालत नाही. लेकरांना हे माहीत नसतं, सांगून ठेवा.

आता डॉक्युमेंटरी आणि मालिका. इथं मात्र सरसकट नाही म्हणून भागत नाही. लेकरं हे का बघतात, ते आधी समजून घेऊ. या वयात मनात प्रश्न येतात. माणूस इतका वाईट कसा वागतो? माझ्यावर वेळ आली तर मी काय करीन? पोलीस कसे शोधतात? हे प्रश्न वाईट नाहीत. कुणी पोरगी त्यातून वकील होईन म्हणते, कुणी पोलीस भरतीची तयारी करते. अमेरिकेत 2010 साली दोन संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा असं दिसलं की गुन्ह्यांच्या खऱ्या गोष्टी पुरुषांपेक्षा बायकांना जास्त ओढतात, आणि त्यातही, जीव कसा वाचवावा हे ज्यात कळतं त्या गोष्टी जास्त. म्हणजे गटातली ती बाई म्हणाली, मीच बघते, तर तिला शरमायचं काही कारण नाही. आपल्या मनाला धोका ओळखायला शिकायचं असतं.

पण याची दुसरी बाजू आहे. जॉर्ज गर्बनर नावाचे एक अभ्यासक होते. त्यांनी सांगितलं, की जी माणसं टीव्हीवर सतत मारामारी, खून बघतात, त्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटायला लागतं. आपण हे घरात बघतो. पोरगी दिवसा क्लासला जायला घाबरते. नाहीतर आईच म्हणते, आता शिकवणी बंद, जग किती वाईट आहे बघितलं ना. मग शिकवणी बंद, शाळा बंद, आणि लवकर लग्न. आपल्या जिल्ह्यात मुलींची कमी वयात लग्नं किती होतात हे तुम्हाला मी सांगायला नको. टीव्हीवरच्या दिल्लीतल्या गुन्ह्याची शिक्षा आपल्या पोरीला होते.

आणि भीती लागते ती चुकीच्या ठिकाणी. गोष्टीत बहुतेक वेळा अनोळखी माणूस असतो, अंधारी गल्ली असते. खरं काय आहे? देशात दर वर्षी बलात्काराचे जे गुन्हे नोंदवले जातात, त्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत गुन्हेगार ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, ओळखीचा, मित्र, लग्नाचं आमिष दाखवणारा. म्हणजे अंधाऱ्या गल्लीला घाबरलेली पोरगी खऱ्या धोक्याबद्दल काहीच शिकलेली नसते. ते शिकवायला आईच लागते.

पोरांचं वेगळं. त्यांना भीती कमी, ओढ जास्त. ज्या कार्यक्रमात गुंडाला संगीत लावून, हळू चालीनं, गॉगल घालून दाखवतात, त्यात पोरांना गुंडच हिरो वाटतो. मग वाढदिवसाला तलवारीनं केक कापायचा, कमरेला काहीतरी खोचून रील काढायची, नावापुढं भाई लावायचं. हे आपल्याकडं नवीन राहिलेलं नाही. पोरगं कार्यक्रम बघून झाल्यावर कुणाचं नाव घेतं, मेलेल्याचं का मारणाऱ्याचं, तिकडं कान ठेवा. त्यातून बरंच कळतं.

मग ठरवायचं कसं? मी चार प्रश्न सांगते. लिहून घ्यायची गरज नाही, लक्षात राहतील असे आहेत.

पहिला प्रश्न, वय किती आणि कार्यक्रमावर काय लिहिलंय? 2021 च्या सरकारी नियमांनी पैसे भरून बघायच्या ॲपवर वयाचा शिक्का असावाच लागतो. सात वर्षांपुढं, तेरापुढं, सोळापुढं आणि फक्त मोठ्यांसाठी, असे ते शिक्के. कार्यक्रम सुरू होताना वरच्या कोपऱ्यात येतो. तेरापुढच्या कार्यक्रमांना कुलूप लावायची सोय ॲपनं द्यावी लागते. पण यूट्यूबवरच्या तुकड्यांना असा शिक्का क्वचितच असतो. म्हणून शिक्का नसेल तर आपण पहिली दहा मिनिटं स्वतः बघायची. आणि शिक्का असला तरी तो परक्या लेकरांचा विचार करून लावलेला असतो, तुमचं लेकरू त्या शिक्का मारणाऱ्यानं बघितलेलं नसतं.

दुसरा प्रश्न, आपलं लेकरू कसं आहे आणि त्याच्यावर काय गुदरलंय? एक तेरा वर्षांची मुलगी बातमी ऐकून शांतपणे प्रश्न विचारते, एक सतरा वर्षांचा मुलगा आठ दिवस झोपत नाही. आणि आपल्या भागात एक गोष्ट विसरून चालणार नाही. किती घरांत शेतकऱ्यानं स्वतःला संपवलंय. ज्या लेकरानं बाप किंवा चुलता असा गेलेला बघितलाय, घरात मारहाण बघितलीय, किंवा ज्याच्याशी स्वतःशी कुणी वाईट वागलंय, त्या लेकराला हे कार्यक्रम दाखवू नका, ते मागत असलं तरी नका. वरून धीट दिसतं, आतून जखम उकलते.

तिसरा प्रश्न, गोष्ट कुणाची सांगितलीय? मेलेल्या माणसाची, त्याच्या घरच्यांची, शोध लावणाऱ्यांची, का मारणाऱ्याची? रक्त किती वेळ दाखवतात आणि न्याय किती वेळ? शेवटी लेकराच्या हाती काय राहतं, काही समज, का नुसता थरार?

चौथा प्रश्न, बघितल्यावर लेकरू कसं आहे? झोप, भूक, अभ्यास, बोलणं. दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. झोपेत दचकत असेल, दिवा बंद करू देत नसेल, एकटं राहायला घाबरत असेल, चिडचिड करत असेल किंवा उलट कशाचंच काही वाटेनासं झालं असेल, हसत हसत बघत असेल, तर बंद. रागावून नाही. "तुला याचा त्रास होतोय, मला दिसतंय, काही दिवस थांबू" असं म्हणून.

आता हे चार प्रश्न दोन खऱ्या कार्यक्रमांना लावून बघू.

दिल्लीत बुराडी नावाचा भाग आहे. 1 जुलै 2018 ला तिथं एका घरात अकरा माणसं मेलेली सापडली, म्हाताऱ्या आजीपासून शाळकरी मुलांपर्यंत. त्यावर 2021 साली नेटफ्लिक्सवर तीन भागांची डॉक्युमेंटरी आली. त्यात मनाच्या आजाराबद्दल, घरात एकाच माणसाचा शब्द कसा चालतो, बाहेरच्या कुणाला काही कळत कसं नाही, याबद्दल जाणकार बोलतात. सतरा-अठरा वर्षांच्या समजूतदार लेकराबरोबर बघून बोलण्यासारखं त्यात आहे. पण विषय गळफासाचा आहे. ज्या घरात तसं काही घडलंय, तिथं तो कार्यक्रम नको म्हणजे नको. कार्यक्रम तोच, एका घराला चालतो, शेजारच्या घराला चालत नाही.

दुसरा आपल्या महाराष्ट्रातला. नागपूरच्या कस्तुरबानगर वस्तीत अक्कू यादव नावाच्या गुंडानं बायकांवर वर्षानुवर्षं अत्याचार केले. 13 ऑगस्ट 2004 ला वस्तीतल्या बायकांच्या जमावानं त्याला भर न्यायालयात मारलं. खटला चालला आणि 2014 मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले. यावर 2022 साली डॉक्युमेंटरी आली. चौदा वर्षांच्या मुलीला हे दाखवू नये, त्यात अत्याचाराची वर्णनं आहेत, ती तिला पेलणार नाहीत. पण अठराच्या उंबरठ्यावरच्या लेकीबरोबर आईनं बघितलं, तर विचारायला मोठे प्रश्न आहेत. बायका तक्रार करत होत्या तेव्हा कुणी ऐकलं का नाही? वस्ती इतकी वर्षं गप्प का होती? कायदा हातात घेतला ते बरोबर का, आणि चूक असेल तर त्यांनी दुसरं काय करायला हवं होतं? हा कार्यक्रम एकट्या पोरानं बघितला तर त्याला एवढंच कळेल की मारून टाकायचं असतं. आईबरोबर बघितला तर कळेल की पहिल्या तक्रारीलाच दाद मिळायला हवी होती. फरक कार्यक्रमात नाही, शेजारी कोण बसलंय त्यात आहे.

बरोबर बसायचं म्हणजे पाळत ठेवायची नाही. मधेच थांबवून भाषणही द्यायचं नाही. संपल्यावर एक-दोन गोष्टी विचारायच्या. "तुला यातलं काय खरं वाटलं? कुणी वेळेवर बोललं असतं तर काय झालं असतं? तुझ्यावर अशी वेळ आली तर पहिलं कुणाला सांगशील?" आणि लेकरू जे नाव घेईल ते ऐकायचं. त्यानं आपलं नाव घेतलं नाही तरी रुसायचं नाही. आत्याचं घेतलं, बाईंचं घेतलं, तरी चांगलं आहे. एक तरी नाव असलं पाहिजे.

आता सगळ्यात अवघड. तुमच्यातल्या किती तरी जणी म्हणतील, ताई, आम्ही दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जातो, पट्टा पडल्याशिवाय परत येत नाही. लेकरू आजी-आजोबांकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात. आम्ही कधी बरोबर बसायचं? आणि बोलायला म्हणून मोबाईल तर आम्हीच घेऊन दिलाय.

खरं आहे. मोबाईल काढून घ्या असं मी म्हणणार नाही. आईचा आवाज त्यातूनच येतो. पण जायच्या आधी तीन गोष्टी करून जा. एक, रात्री नऊनंतर मोबाईल आजीच्या उशाशी. आजीला मोबाईल कळत नसला तरी उशाशी ठेवता येतो. दोन, यूट्यूबच्या सेटिंगमध्ये रिस्ट्रिक्टेड मोड चालू करा आणि ऑटोप्ले बंद करा, म्हणजे एकामागून एक आपोआप लागणार नाही. त्यानं सगळं अडत नाही, पण बरंच कमी होतं. जुना बघितलेला इतिहासही पुसून टाका, नाहीतर तो तेच तेच समोर आणतो. तीन, फडावरून फोन कराल तेव्हा "जेवलास का, अभ्यास केलास का" याच्यापुढं एक प्रश्न रोज विचारा, "आज काय बघितलंस, मला सांग की." सुरुवातीला "काही नाही" म्हणेल. आठव्या दिवशी सांगेल. आणि सांगितलं की ओरडायचं नाही. एकदा ओरडलात की नवव्या दिवशी काही सांगणार नाही.

शेजारणींनो, जी गावात मागं राहते तिच्यावर थोडी जास्त जबाबदारी येते. गेलेल्या मैत्रिणीच्या लेकरावर आपलं एक लक्ष असू द्या. शनिवारी संध्याकाळी चार लेकरं एका ओट्यावर बसवून काही चांगलं दाखवलं, बोललं, तरी खूप झालं.

काही नंबर सांगते, दारामागं खडूनं लिहून ठेवा. लेकराला काही त्रास असेल, कुणी वाईट वागत असेल तर 1098. बायकांसाठी 181. पोलीस मदतीसाठी 112. मन फार खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर टेलिमानस, 14416, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. फोनवरून पैशाची फसवणूक झाली तर 1930. लेकरांकडूनच हे लिहून घ्या. शंभर गुन्ह्यांचे कार्यक्रम बघून जे कळत नाही, ते या पाच नंबरांतून कळतं, की अडचणीत माणूस एकटा नसतो.

शेवटी त्या बैठकीतल्या बाईचं काय झालं ते सांगते. तिनं मोबाईल काढून घेतला नाही. ती त्या रात्री पोराच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "सरक, मला पण दाखव." पोरगं आधी लाजलं. मग दोघांनी एक कार्यक्रम अर्धा बघितला. मधेच पोरानंच बंद केला आणि विचारलं, "आई, आपल्या घराची मागची कडी नीट लागते का गं?" तेव्हा तिला कळलं, की हा माहिती म्हणून बघत नव्हता, हा घाबरलेला होता. बाप बाहेरगावी, घरात हाच मोठा पुरुष, आणि रात्रभर हा कडीकडं कान देऊन जागा राहायचा. दुसऱ्या दिवशी तिनं सुताराला बोलावून कडी बदलून घेतली. पोरगं आता झोपतंय. कार्यक्रम कधीतरी अजून बघतं, पण पांघरुणाच्या बाहेर.

तेव्हा पुढच्या बैठकीत सह्या झाल्या की दहा मिनिटं या विषयाला द्या. प्रत्येकीनं एवढंच सांगायचं, माझं लेकरू काय बघतं. ज्यांना सांगता येणार नाही त्यांनी शरमू नये, घरी जाऊन विचारावं. "सरक, मला पण दाखव" एवढं म्हणायला शिक्षण लागत नाही.

येते मग. सांभाळून राहा, लेकरांना जवळ घ्या. रामराम.